निळा पट्टा

माझं काम सोपं: समोर आलेलं मनगट धरायचं,
पट्टा गुंडाळायचा, टोक खटकन बसवायचं
आणि हसायचं.
शनिवारी जेर्बावर दोन विमानं उतरतात,
म्हणजे तीनशे-साडेतीनशे मनगटं.
तान्ह्यांनासुद्धा पट्टा लागतो. त्यांचा हिरवा,
आत एक बोट जाईल एवढा सैल.

या खेपेला पोलंडहून बोझेना आली,
दोन मुलं आणि चाक तुटलेली बॅग घेऊन.
सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते म्हणाली,
बारा वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू पिक् पिक् करत पुढे सरकवते.
पहिल्याच दुपारी तिमेकने आइस्क्रीम मागितलं
आणि तिचा हात सवयीने पर्सकडे गेला,
वाटेतच थांबला.
काउंटरमागून मी पाहिलं ते थांबणं.
त्या हाताचं आता करायचं काय
हे तिला बुधवारपर्यंत कळलं नाही.
मग तो वाळूत पडून राहिला, उताणा,
उन्हाला तळवा दाखवत.

ज्यांना महिनाअखेर ठाऊक नाही
त्यांनी खुशाल नावं ठेवावीत असल्या सुट्टीला.
मी ठेवणार नाही.

पण ताटंही मीच पाहते.
डोळे मोठे, पोट लहान:
एकेक घास घेऊन टाकलेल्या कलिंगडाच्या फोडी,
कुणी उघडलंच नाही असं अंडं,
भाताच्या ढिगात खोचलेली कागदी छत्री.
रात्री साडेदहाला मागच्या दारी ड्रम भरतात.
घरी काही न्यायचं नाही, असा नियम.
झुहैर आचारी झाकण लावतो, त्यावर बसतो
आणि सिगारेट ओढतो.

फाटकासमोर सल्वाची खानावळ होती.
ब्रीक तळायची, आतलं अंडं पातळ,
हनुवटीवर ओघळल्याशिवाय खाताच यायचं नाही.
आता तिथे टायर विकतात.

बाबा अजीमच्या बंदरातून ऑक्टोपस धरायला जातात.
मातीची मडकी दोरीला बांधून तळाशी सोडतात.
आत आमिष नाही, काही नाही.
"त्याला भिंत पुरते," म्हणतात.
"शिरतो, अंग चोरून बसतो,
वर ओढलं तरी बाहेर यायचं नाव नाही.
तुझ्या हॉटेलासारखंच."
आणि उरलेले चार दात दाखवून हसतात.
मी म्हणते, त्याच मडक्यातून येतं, बाबा,
तुमच्या गुडघ्याचं इंजेक्शन.
मग ते गप्प. मीही.
हॉटेलातला ऑक्टोपस गोठवलेला येतो, कंटेनरमधून,
कुठल्या समुद्रातला ते खोक्यावर बारीक अक्षरात.

शुक्रवारी हानिया, बोझेनाची धाकटी,
काउंटरवर हनुवटी टेकवून म्हणाली,
"तू राहतेस कुठे?"
मी भिंतीपलीकडे बोट केलं.
"तिकडे पण हॉटेल आहे?"
नाही, मी माझ्या तोडक्यामोडक्या पोलिशमध्ये म्हटलं,
तिकडे जेर्बा आहे.
ती विचारात पडली.
"मग हे काय आहे?"

शनिवारी सकाळी कात्री.
बोझेनाच्या मनगटावर पट्ट्याखाली गोरी रेघ,
ती अंगठ्याने चोळत राहिली, जणू पुसली जाईल.
"सोमवारपासून पुन्हा पिक् पिक्," म्हणाली.
बिल्ल्यावर लिहिलेलं असूनही
माझं नाव तिने तोंडाने विचारलं.
वीदाद, मी सांगितलं.
तिने दोनदा म्हणून पाहिलं, दोन्हीदा चुकलं.

एक कापलेला पट्टा मी खिशात टाकला.
घरी गैथने तो चिकटपट्टीने मनगटाला लावला
आणि तडक फ्रीज उघडून उभा राहिला.
आत दही, अर्धा कांदा, आजोबांचं औषध.
"आता सगळं आपलं?"
आधीही होतं, म्हटलं.
"तसं नाही," तो म्हणाला. "न विचारता."
घे मग.
त्याने बराच वेळ विचार केला.
दही काढलं, दोन वाट्या मांडल्या,
थांबला, आजोबांकडे पाहिलं, तिसरी मांडली.
आणि मी, सवयीने, ओरडले:
दार लाव आधी, वीज जळतेय.